सामुद्रधुनीवरचा पोपट

पोर्ट अल्बर्टची खाडी मागे पडली, फोनवरची शेवटची दांडी मिणमिणायला लागली, तेव्हा ब्रायनीने निरोप पुन्हा एकदा वाचला. सासूचा, नोरीनचा होता. ‘झोपली. सगळं दूध प्यायली. आता फोन ठेव आणि समुद्राकडे बघ.’

ब्रायनीने फोन ठेवला नाही. झोपली म्हणजे उताणी झोपली की पालथी, हे नोरीनने लिहिलं नव्हतं. ते विचारावं म्हणून तिने अक्षरं टिपायला घेतली आणि दांडी गेली. आता संध्याकाळपर्यंत विनीची खबर नाही. आठ महिन्यांची पोर, नुकती रांगायला लागलेली, आणि नोरीनच्या स्वयंपाकघरात मांजराची वाटी जमिनीवर.

“गेली का रेंज?” सुकाणूवरून नुन्झिओने विचारलं.

“गेली.”

“बरं झालं. आता तुझी पोर तुझ्यापासून सुखरूप.”

नुन्झिओ या बोटीचा मालक. तीस वर्षं त्याने याच पाण्यात शार्क पकडले, आणि आता पक्षी मोजणाऱ्यांना हिंडवतो. त्याच्या बोलण्याला कोणी उत्तर देत नसे. तोही अपेक्षा करत नसे. पण ब्रायनीला ते लागलं. गेल्या काही महिन्यांत तिला सगळंच लागायचं.

आजचा दिवस साधा नव्हता. या सामुद्रधुनीत पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या, किनाऱ्यावरून दिसतील न दिसतील इतक्या आत. कुठल्या पट्ट्यात उभ्या करायच्या आणि कुठला पट्टा सोडायचा, ते ठरण्याआधी तिथे कोण उडतं, कोण पोहतं, कोण नुसतंच ये-जा करतं, याची दोन वर्षं मोजणी चालली होती. ब्रायनी त्या मोजणीत पहिल्या दिवसापासून होती. मग विनी झाली. आणि नियम असा, की वर्षभर समुद्रावर न आलेल्या माणसाला परत पुढच्या बाकावर बसायचं तर आधी परीक्षा. मुख्य निरीक्षकाच्या शेजारी बसायचं, त्याने पाहिलेलं आणि तुम्ही पाहिलेलं ताडून बघायचं. जुळलं तर बाक तुमचा. नाही जुळलं तर ट्रॅरल्गनचं ऑफिस, पडदे ओढलेली खोली, आणि विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये पांढरे ठिपके शोधणं.

“त्यात वाईट काय आहे?” नवऱ्याने, कॅलमने, काल रात्री विचारलं होतं. “रोज संध्याकाळी घरी असशील. बुडायचीही भीती नाही.”

वाईट काहीच नव्हतं. म्हणून तर तिला रडू आलं होतं. गाडी चालवताना, दूध पाजताना, अर्धवट झोपेत तिला एकच गोष्ट हवी होती: हा बाक, हा वारा, आणि समोर जे येईल त्याला अचूक नाव देणारे आपले पूर्वीचे डोळे. ते डोळे अजून आहेत की नाहीत, हेच तिला माहीत नव्हतं. घरात तिला सगळं दिसायचं. गालिच्यात अडकलेलं बटण दिसायचं, टेबलाच्या कडेशी सरकलेली किटली दिसायची, विनीच्या कानामागचा लाल चट्टा दिसायचा. पण त्याला नजर म्हणायचं की नुसती धास्ती?

हेडली ट्रेंगोव्ह पुढच्या बाकावर आधीच बसला होता. साठी उलटलेला, कातडी खारवलेली, टोपीला दोरी बांधलेली. बाकाच्या मधोमध त्याने लाकडी फळी उभी करून घट्ट बांधली होती. परीक्षा म्हटली की ही फळी यायचीच. फळीच्या डावीकडे तो, उजवीकडे ती. दोघांनी समुद्राचा एकच पट्टा बघायचा, पण एकमेकांचा चेहरा दिसता कामा नये, हात कुठे वळला ते कळता कामा नये.

“नियम माहीत आहेत, तरी सांगतो,” हेडली फळीपलीकडून म्हणाला. “बोटीपासून तीनशे मीटरचा पट्टा. पाण्यावर बसलेले दिसतील तसे बोलायचे. उडणारे फक्त दर ठरावीक वेळाने घंटी वाजेल त्या क्षणाला पट्ट्यात असतील तेवढेच. आणि बोलायचं ते गळ्यातल्या माइकमध्ये, पुटपुटून. मला काही सांगायचं नाही, मला काही विचारायचं नाही. देवमासा जरी नाकासमोर आला तरी ओरडायचं नाही. एक जण ‘ते बघ’ म्हणाला की दुसऱ्यालाही दिसायला लागतं. मग एका माणसाचेच डोळे उरतात. ओरडलीस तर रेघ बाद.”

‘रेघ’ म्हणजे बोटीची एक सरळ फेरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मी कधी ओरडले?” ब्रायनी म्हणाली.

“तू नाही. पण मी पाहिलीत ओरडणारी माणसं. डॉक्टरेट झालेली.”

मागे, सुकाणूच्या खोलीला पाठ टेकून, सिना बसली होती. मोरवेलची सामोअन पोरगी, पहिलाच मोसम. दोघांचे आवाज यंत्रात नीट येतायत का, ते बघायचं आणि गळ्यातला मोठा कॅमेरा सांभाळायचा, एवढं तिचं काम. ती मान खाली घालून हसत होती.

घंटी वाजली आणि पहिली रेघ सुरू झाली.

एप्रिलमधला समुद्र होता, करडा आणि तेलकट, लांबलचक लाटांचा. मटनबर्ड या समुद्रपक्ष्यांच्या झुंडी अजून निघून गेल्या नव्हत्या. पाण्याला पंखाचं टोक लावत, काळपट, एकापाठोपाठ एक, संपतच नव्हत्या. अशा वेळी नवखा माणूस वाहून जातो. दिसेल तो पक्षी मोजत सुटतो आणि संध्याकाळी त्याच्या हिशोबाने समुद्रात पाण्यापेक्षा पक्षी जास्त होतात. ब्रायनीने स्वतःला आवरलं. घंटी, नजर, आकडा. घंटी, नजर, आकडा. मधल्या वेळात पाण्यावर बसलेल्यांचा शोध. एक गॅनेट सुरीसारखा पाण्यात घुसला. सील पाठीवर पडून वल्ह्यासारखा एक पर हवेत धरून होता. पांढऱ्या पोटाचा अल्बट्रॉस डावीकडून आला, पंख न हलवता बोटीवरून तिरपा गेला. तिने त्याचं नाव घेतलं. पुन्हा एक आला. तिने पुन्हा नाव घेतलं.

दुसऱ्या रेघेला तिला बरं वाटायला लागलं होतं. हे आपल्याला येतंय, असं वाटण्याइतपत बरं.

दुपारच्या चहाला बोट थांबली. ब्रायनी आधी दूध काढायचा पंप घेऊन खालच्या चिंचोळ्या संडासात गेली आणि बाटली भरून वर आली. बर्फाच्या पेटीत नुन्झिओची सलामीची सँडविचं, गळाला लावायची मासळी आणि त्यांच्या शेजारी विनीचं दूध.

“त्यावर नाव लिही,” नुन्झिओ म्हणाला. “माझी कॉफी काळी आहे, आणि मी म्हातारा आहे. चूक होऊ शकते.”

“तुला दोन दात येतील, बाकी काही होणार नाही,” ब्रायनी म्हणाली. सिना खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी आपण पटकन काहीतरी बोललो, याचं ब्रायनीलाच नवल वाटलं.

हेडलीने कानातलं यंत्र काढलं. दोघांचे सकाळचे आवाज तो ताडून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

“मटनबर्ड चांगले धरलेस. माझ्याहून फार लांब नाहीस,” तो म्हणाला. “सुरयही ठीक. पण अल्बट्रॉसचं काय केलंस?”

“काय केलं?”

“उजव्या पंखाचं एक पीस तुटलेलं आहे त्याचं. सकाळपासून आपल्या मागे आहे तो. नुन्झिओ दर तासाला सँडविचची कड फेकतो, म्हणून तो जात नाही. तू त्याला दर खेपेला नवीन पक्षी म्हणून मोजलंस. एकट्या त्या बेट्याचा तू थवा केलास.”

ब्रायनीने वळून बघितलं. अल्बट्रॉस बोटीच्या मागे पाण्यावर बसला होता, एखाद्या घरच्या बदकासारखा. उजव्या पंखात खाच स्पष्ट दिसत होती.

बोटीच्या मागे लागणारे मोजायचे नाहीत, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिने स्वतः चार पोरांना शिकवलं होतं. आणि आज, याच दिवशी, तो आपल्या डोळ्यांना चकवून गेला.

“झोप झालेली नाही माझी,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला ते शब्द परत गिळावेसे वाटले.

“पक्ष्यांना ते माहीत नसतं,” हेडली म्हणाला. तो रागाने बोलला नव्हता, म्हणून ते जास्त बोचलं. “एक रेघ उरली आहे. तिच्यावर ठरवू. ती नीट गेली तर सकाळचं मी अल्बट्रॉसच्या नावावर टाकतो. नाही गेली, तर ट्रॅरल्गनच्या खोलीत हीटर चांगला आहे म्हणतात.”

शेवटची रेघ सुरू झाली तेव्हा दक्षिणेकडून वारा सुटला होता, मंद पण थंड. खाली टास्मानिया, वर आपला किनारा, मध्ये हे उघडं पाणी. ब्रायनीने दोन्ही हातांनी दुर्बीण धरली. अल्बट्रॉस आला, तिने त्याची खाच पाहिली आणि ओठ मिटून घेतले. प्रायन पक्ष्यांची एक निळसर ओळ लाटेच्या पोटातून निघाली. घंटी वाजली तेव्हा पट्ट्यात होती तेवढी तिने सांगितली. पाण्यावर दोन डोकी, पेंग्विनची, आली आणि बुडाली. तिने तीही पुटपुटून घेतली. फळीपलीकडे हेडलीचंही पुटपुटणं चालू होतं, शब्द न कळणारं, देवळातल्या जपासारखं.

अर्धी रेघ झाली असेल. दोन घंट्यांच्या मधली वेळ होती.

आधी तिला वाटलं, डोळ्यात काहीतरी तरंगतंय. झोप नसली की येतात तसले ठिपके. एक हिरवा ठिपका लाटांच्या वर, फार खाली, वेडावाकडा, घाईघाईने उत्तरेकडे चाललेला. पण डोळ्यातला ठिपका नजरेबरोबर सरकतो आणि हा आपल्या वाटेने चालला होता. समुद्रावरचे पक्षी असे उडत नाहीत. समुद्राचा पक्षी वाऱ्यावर रेलतो. हा पंख मारत होता, मारतच होता, एखादं मूल भरल्या रस्त्यातून पलीकडे पळतं तसा.

पोपट.

एक आवाजही आला, बारीक, घरघरता, काडेपेटी ओढल्यासारखा. समुद्रावर तिने कधीही न ऐकलेला. ऐकला होता तो किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत, कॉलेजात असताना, एकदाच.

निळ्या पंखांचा पोपटही ही सामुद्रधुनी ओलांडतो, तो पुष्कळ आहे. पण दुसराही एक ओलांडतो, नारिंगी पोटाचा. साऱ्या जगात एका शाळेत मुलं असतात तितकेसुद्धा नाहीत. टास्मानियाच्या टोकाला घरटी करतो आणि थंडीत इकडे येतो. कुठून येतो, या पट्ट्यातून येतो का, हाच प्रश्न दोन वर्षं प्रत्येक बैठकीत कोणीतरी विचारायचं. आणि मोजणारे खरं तेच सांगायचे: पाहिला नाही.

माइकमध्ये तिने नाव घेतलं. नियमाप्रमाणे तिचं काम तिथे संपलं. संध्याकाळी हेडली ऐकेल. म्हणेल, बाई, सकाळी तू एका अल्बट्रॉसचा थवा केलास, आता समुद्रात पोपट. फोटो नाही, दुसऱ्याने पाहिला नाही, घंटीही वाजली नव्हती. कोण धरणार ते? कॅमेरा तिच्या पाठीमागे, सिनाच्या गळ्यात, दोन हातांवर होता.

आणि तोंड उघडलं की रेघ बाद. शेवटची.

पोपट नाळेच्या, बोटीच्या पुढच्या टोकाच्या, समोरून गेला. अजून थोडा वेळ, मग नुसतं पाणी.

“थांबवा,” ब्रायनी म्हणाली. मग मोठ्याने, “मोजणी थांबवा. सिना, कॅमेरा. नुन्झिओ, इंजिन बंद कर.”

फळीपलीकडचं पुटपुटणं बंद झालं.

“ब्रायनी,” हेडली म्हणाला, “तोंड बंद कर. अजून बंद केलंस तर मी ऐकलं नाही असं समजतो.”

“पोपट आहे.”

सुकाणूच्या खोलीतून नुन्झिओचं हसू आलं. “पोरीला झोपव रे कोणीतरी.”

“नाळेच्या पुढे, पाण्याच्या लगत, उत्तरेकडे चालला होता. इंजिन बंद कर, नुन्झिओ.”

“तुला कळतंय ना, रेघ गेली?” हेडली म्हणाला.

“गेली,” ब्रायनी म्हणाली. “तू उठ आणि बघ.”

नुन्झिओने हेडलीकडे पाहिलं. हेडलीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुन्झिओने दांडा मागे ओढला आणि बोट गप्प झाली. लाटांचा चुबुकचुबुक आवाज तेवढा राहिला.

समोर काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. सिना कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती आणि कुठे रोखावा ते तिला कळत नव्हतं. हेडली उभा राहून दुर्बीण फिरवत होता, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्याच्या त्या सावकाशपणातच त्याचं मत दिसत होतं. ब्रायनीचे कान तापले. कॅलम काही बोलणार नाही, नुसता जवळ घेईल. नोरीन म्हणेल, बरं झालं. मग ऑफिसमधला तो हीटर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिलाच वाटायला लागलं, की खरंच दिसला का?

तरी तिने दुर्बीण खाली केली नाही. रात्री पाळण्यावर वाकून श्वास चालू आहे ना ते बघायचं, तर दिसेपर्यंत बघायचं असतं. मध्येच उठून जाता येत नाही.

काडेपेटी ओढल्यासारखा आवाज झाला, मागून.

“हलू नका,” ती म्हणाली.

तो बोटीला वळसा घालून आला होता. सुकाणूच्या खोलीवरून खाली आला, दोनदा चुकला, आणि पुढच्या कठड्यावर नुन्झिओने गुंडाळून ठेवलेल्या जाड दोरावर बसला. हाताच्या मुठीएवढा. गवताच्या कोवळ्या कोंबासारखा हिरवा, कपाळावर निळी पट्टी, चोच उघडी, छाती धपापत होती.

सिनाच्या कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला.

“मादोन्ना,” नुन्झिओ कुजबुजला.

हेडली खाली बसला, गुडघ्यावर, पोपटाला सावली पडू नये अशा बेताने. “निळ्या पंखांचा असेल,” तो अगदी हळू म्हणाला. “पिवळट वाटतो. घाईत नाव देऊ नकोस.”

“पिवळट नाही, स्वच्छ हिरवा आहे. आणि पाय बघ.”

हेडलीने चष्मा वर केला, खाली केला. पोपटाच्या डाव्या पायात रंगीत कडं होतं, आणि कड्यावर अक्षर. निळ्या पंखांच्या पोपटांना या बाजूला कोणी कडी घालत नाही. नारिंगी पोटाच्या पिल्लांना घालतात, एकेकाला, हातात धरून, पिंजऱ्यातून मोकळं सोडण्याआधी. त्या कड्याच्या रंगावरून कोण, कुठला, कितव्या वर्षाचा, सगळं सांगता येतं.

“या वर्षीचं पिल्लू,” हेडली म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “पहिल्यांदाच निघालंय. एकटं.”

“एकटंच जातात ती,” ब्रायनी म्हणाली. “आईबाप आधी निघून जातात.”

हे तिला पुस्तकातून माहीत होतं. ती तशीच उभी राहिली, एक हात सिनाच्या खांद्यावर, कॅमेरा हलू नये म्हणून.

कितीतरी वेळ कोणी जागचं हललं नाही. अल्बट्रॉस येऊन गेला, त्याला सँडविच मिळालं नाही. पोपटाने चोच मिटली. एका पंखातली पिसं नीट केली, मग दुसऱ्या. दोरातला कसलासा कण चोचीने उचलून पाहिला, नापसंत करून टाकला. नुन्झिओ पुटपुटला, “शार्कचं रक्त असेल, वीस वर्षांपूर्वीचं,” आणि हेडलीने त्याला गप्प बसायची खूण केली. मग पोपट उठला. बोटीच्या कडेवरून खाली, पाण्याला लागेल इतका खाली गेला आणि उत्तरेची वाट धरून पंख मारत सुटला. चौघांच्या नजरा त्याच्यामागे गेल्या. हिरवा होता, मग नुसता हलणारा होता, मग नव्हता.

सिना रडत होती आणि हसत होती. नुन्झिओने टोपी काढून डोक्याला हात लावला. ब्रायनीला कोणीतरी मिठी मारली. आश्चर्य म्हणजे तो हेडली होता. त्याला मिठी मारता येत नव्हती, त्याने तिला नुसतं सामानाच्या पोत्यासारखं धरलं आणि सोडलं.

मग त्याने घसा साफ केला.

“रेघ बाद,” तो म्हणाला.

“हेडली,” सिना म्हणाली, “तू खरंच?”

“नियम म्हणजे नियम. परीक्षेत ती बोलली. रेघ बाद.” त्याने ब्रायनीकडे पाहिलं. “पण बाद म्हणजे नापास नाही. बाद झालेली रेघ पुन्हा घ्यायची असते. आत्ता घ्यायची की पुढच्या आठवड्यात, ते तू सांग. आत्ता घेतलीस तर उजेड पुरेल, जेमतेम. बार ओलांडायचं नुन्झिओने बघायचं.”

बार म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली असलेला वाळूचा उंचवटा. तिथे भरती उलटली की लाटा उभ्या राहतात.

“त्या पोपटाच्या नावाने मी डोळे मिटून ओलांडीन,” नुन्झिओ म्हणाला.

“उघडे ठेवून ओलांड,” ब्रायनी म्हणाली. “मला घरी जायचंय.”

छाती दुधाने भरून आली होती, दुखत होती. घरी विनी उठली असेल, दाराकडे बघत असेल. पुढच्या आठवड्यात, असं म्हणणं किती सोपं होतं. झोप काढून, ताजी होऊन. पण आपले डोळे आहेत, याची खात्री तिला आत्ता होती. ती खात्री तिला हेडलीलाही द्यायची होती, आत्ताच, फळीच्या या बाजूने.

“पाच मिनिटं दे,” ती म्हणाली. “बाटली भरून येते. मग घेऊ.”

बोट रेघेच्या सुरुवातीला परत गेली. फळी तशीच होती. घंटी वाजली.

त्या रेघेबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण तिथे काहीच विशेष घडलं नाही. मटनबर्ड आले, प्रायन आले, सूर्य खाली आला आणि पाणी जस्ताच्या पत्र्यासारखं चमकायला लागलं. ब्रायनी पुटपुटत होती. तिला कुठे थांबावं लागलं नाही, कुठे मागे वळून स्वतःला विचारावं लागलं नाही. खाचवाला अल्बट्रॉस आला तर तिला हसू आलं आणि ती त्याला मोजल्याशिवाय पुढे गेली. चमचमणाऱ्या पाण्यात एका ठिकाणी चमक नव्हती; तिथे पेंग्विनचा घोळका होता, ठिपक्याठिपक्यांचा. तिने शांतपणे मोजला आणि माइकला सांगितला.

रेघ संपल्यावर हेडली बराच वेळ कानात यंत्र घालून बसला. मागे गेला, पुन्हा ऐकलं.

“पेंग्विन,” तो शेवटी म्हणाला. “तू म्हणतेस घोळका होता. माझ्याकडे एकही नाही.”

“होता.”

“यंत्रातल्या वेळेला चकाकी होती तिथे. माझ्या चष्म्यावर पाणी होतं.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, जणू आता पुसून उपयोग होता. “बाकी सगळं जुळतंय. जिथे जुळत नाही, तिथे तू जास्त पाहिलं आहेस. पुढच्या आठवड्यापासून उजवा बाक तुझा.”

ब्रायनीने नुसती मान हलवली.

“आणि एक,” हेडली फळीच्या दोऱ्या सोडत म्हणाला. “मोजणी थांबवायचा शब्द आजवर फक्त माझा होता. इथून पुढे तुझाही. ऑफिसला मी कळवतो. तसंही त्यांना आज माझ्याशी बोलायला वेळ नसेल, फोटो पाठवले की तिथे नाच चालू होईल. या पट्ट्याचा नकाशा त्यांना आता नव्याने मांडावा लागणार.”

“सगळा?” सिनाने विचारलं.

“निदान पोपटाच्या वाटेपुरता. आता वाट नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.”

बारवर लाटा होत्या. नुन्झिओने त्या एकेक करून पार केल्या, दोनदा अंगावर पाणी आलं, आणि मग एकदम खाडीचं शांत पाणी लागलं. फोनमध्ये धडाधड निरोप पडायला लागले. विनीचा फोटो, भोपळ्याने माखलेली. विनीचा फोटो, झोपलेली, उताणी. ब्रायनीने ते पाहिले, फोन खिशात टाकला आणि पुढे नाळेशी जाऊन उभी राहिली.

धक्का जवळ आला तसा नुन्झिओने भोंगा दाबला. लांब, मग परत लांब, मग पुन्हा एकदा. पोर्ट अल्बर्टला असा भोंगा जाळं फाटेस्तोवर मासळी मिळाली तरच वाजवतात, आणि कित्येक वर्षांत तो कोणी ऐकला नव्हता. मासळीच्या दुकानातून बाया बाहेर आल्या. पबमधून दोन म्हातारे ग्लास हातात घेऊनच निघाले. कोणी बादल्या आणल्या, कोणी बर्फाचं खोरं. सगळे धक्क्याच्या कडेला ओळीने उभे राहून बोटीच्या रिकाम्या डेककडे बघायला लागले.

“काय लागलं रे, नुन्झिओ?” ग्लासवाल्या म्हाताऱ्याने ओरडून विचारलं.

नुन्झिओने बोट दाखवलं ते ब्रायनीकडे. “तिला विचार. तिने धरलाय.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“पोपट,” ब्रायनी म्हणाली.

म्हाताऱ्याने आपल्या ग्लासात पाहिलं.

“किती?”

“एक,” ती म्हणाली, आणि दोर त्याच्याकडे फेकला. “धर. सगळं सांगते, पण आधी बोट बांध.”